पवनीचे स्तूप, नागपूर विद्यापीठ आणि आपण

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. तथागतांच्या धम्माविषयी आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या चळवळीविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी मात्र सानगडी-साकोली भागातल्या वाचकांपुढे आपल्याच जिल्ह्यातला एक विषय ठेवू इच्छितो. तो विषय म्हणजे पवनी येथील प्राचीन बौद्ध स्तूप आणि ते उजेडात आणण्याचे नागपूर विद्यापीठाने केलेले कार्य.

गावात धम्माच्या गोष्टी निघाल्या की एखादे म्हातारे माणूस हमखास विचारते, "गुरुजी, आपला धम्म त छप्पन सालचा. त्याच्या आंधी इथं काय होतं?" प्रश्न भाबडा आहे, पण खोटा नाही. बाहेरची माणसे हाच प्रश्न टोमणा म्हणून विचारतात. "तुमचा धर्म कालचा, आमचा हजारो वर्षांचा," असे ऐकून आपली शाळेतली पोरं गप्प बसतात. या प्रश्नाला श्रद्धेने उत्तर देता येते, तसे पुराव्यानेही देता येते. पुराव्याने उत्तर देण्याचे काम विद्यापीठाचे असते आणि पवनीच्या बाबतीत ते नागपूर विद्यापीठाने केले. ही हकिकत आपल्या घराघरात माहीत असायला हवी. ती तशी नाही, म्हणून हा लेख.

विद्यापीठ आणि आपला समाज

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. सर बिपिनकृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. त्यापूर्वी नागपूरची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे शिकायचे नागपुरात आणि पदवी मिळायची अलाहाबादची. योगायोग असा की, याच १९२३ साली बाबासाहेबांना लंडन विद्यापीठाने डी.एस्सी. ही पदवी दिली. एकीकडे बाबासाहेब जगातल्या मोठ्या विद्यापीठात अर्थशास्त्रावर प्रबंध लिहीत होते आणि दुसरीकडे आपल्या भंडारा जिल्ह्यात आपल्या समाजाच्या मुलाला प्राथमिक शाळेत सरळ बसू मिळणे कठीण होते. हे अंतर केवढे होते, ते आजच्या पिढीने ध्यानात घ्यावे.

पुढे या विद्यापीठाचा पसारा वाढला आणि वाटण्याही झाल्या. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. १९९९ मध्ये आपल्या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा निघाला. २००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ झाले. आता नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे या विद्यापीठाकडे आहेत. २०२३ मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी इथल्या मुलामुलींच्या पदवीवर आजही याच विद्यापीठाचा शिक्का असतो.

विद्यापीठ म्हटले की आपल्या समाजाला पहिल्यांदा नामांतराचा लढा आठवतो, आणि ते साहजिक आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका पाटीवरच्या नावासाठी सोळा वर्षे लागली.

दुसरी लढाई सवलतींची. धम्मदीक्षा घेतली म्हणून केंद्र सरकारच्या अनुसूचित जातीच्या सवलती आपल्या लोकांच्या हातून गेल्या. "बौद्ध लिहू की महार लिहू?" हा प्रश्न दाखल्यावर जात लिहिताना कित्येक आईबापांना पडला. महाराष्ट्र राज्याने सवलती दिल्या, पण केंद्राच्या कायद्यात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षे.

नावाची मान्यता आणि सवलतीची मान्यता या दोन्ही गोष्टी आपण लढून मिळवल्या. तिसरी मान्यता इतिहासातली. या मातीत बुद्धाचा धम्म पूर्वी होता, लोकांनी तो स्वीकारला होता, त्यासाठी आपल्या कमाईतून दान दिले होते, ही गोष्ट शास्त्रशुद्ध पद्धतीने मान्य होणे. ही तिसरी मान्यता मोर्चाने मिळत नाही. तिला कुदळ, मोजपट्टी, लिपीचे ज्ञान आणि धीर लागतो.

पवनीचे उत्खनन

पवनी वैनगंगेच्या काठी आहे. जुन्या वस्तीभोवती मातीचा मोठा तट व खंदक आहे. गावाबाहेर जगन्नाथाचे मंदिर असलेली टेकडी आहे, आणि चांडकापूरकडेही एक टेकडी आहे. लोक त्यांना टेकड्याच म्हणत. त्या टेकड्यांच्या पोटात काय आहे, हे शेकडो वर्षे कोणाला ठाऊक नव्हते.

पवनीकडे अभ्यासकांचे लक्ष आधीपासून होते. नागपूरचे संस्कृत पंडित महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनी येथील भार वंशाचा राजा भगदत्त याचा शिलालेख वाचून प्रसिद्ध केला होता. पवनीतच महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्तंभलेखही सापडला. मिराशी मूळचे कोकणातले, पण त्यांचे सारे आयुष्य नागपुरात आणि विदर्भाच्या इतिहासात गेले. नागभीडजवळच्या देवटेक येथील शिळेचाही त्यांनी अभ्यास केला. त्या शिळेवर अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीत प्राण्यांना धरण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा कोरलेली आहे. म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यात मौर्यांचा हुकूम चालत होता, याचा दगडी पुरावा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात उभा होता.

पुढे नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाची धुरा प्रा. शां. भा. देव यांच्याकडे आली. देव पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परंपरेत तयार झालेले. त्यांनी विदर्भात एकामागून एक उत्खनने केली. १९६७ मध्ये वर्ध्याजवळ पवनार, मग नागपूर जिल्ह्यात टाकळघाट-खापा, १९६९-७० मध्ये पवनी आणि त्यानंतर माहुरझरी. (पवनार आणि पवनी यांत वाचकांनी गल्लत करू नये. पवनार धाम नदीवर, पवनी वैनगंगेवर.) त्या काळात विद्यापीठाचे कुलगुरू होते डॉ. वि. भि. कोलते, महानुभाव वाङ्मयाचे आणि जुन्या लेखांचे मोठे अभ्यासक.

पवनीचे उत्खनन विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केले. सर्वेक्षणातर्फे जगत्पती जोशी होते, जे पुढे त्या खात्याचे महासंचालक झाले. देव आणि जोशी यांनी लिहिलेला अहवाल नागपूर विद्यापीठानेच १९७२ साली प्रसिद्ध केला. नंतर १९९४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अमरेंद्र नाथ यांनी पवनीत पुन्हा उत्खनन केले व त्याचा अहवाल १९९८ मध्ये निघाला.

तारखा जुळवून पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, त्याच नागपूरच्या विद्यापीठाची माणसे आपल्या जिल्ह्यात येऊन बुद्धाचा स्तूप मातीतून बाहेर काढत होती. विद्यापीठाने हे आपल्यासाठी म्हणून केले असे नाही. त्यांनी विद्येचे काम म्हणून केले. आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक. उद्या कोणी म्हणू शकत नाही की, बौद्धांनी आपल्या सोयीचे लिहून घेतले.

टेकडीच्या पोटात काय निघाले

जगन्नाथ टेकडीत आणि चांडकापूरच्या टेकडीत विटांचे मोठे स्तूप निघाले. दोन्हींचा व्यास ४० मीटरच्या आसपास आहे. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरच्या जवळपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पवनीच्या स्तूपांचा आकार समजतो. मौर्यकाळाच्या सुमारास सुरू झालेले हे बांधकाम पुढे शुंग-सातवाहन काळात वाढवले गेले. स्तूपाभोवती प्रदक्षिणापथ, त्याबाहेर दगडी कठडा म्हणजे वेदिका, तिच्या खांबांवर कोरीव काम. बुद्धाची मूर्ती मात्र नाही. त्या काळी बुद्ध मूर्तीने दाखवत नसत. बोधिवृक्ष, रिकामे आसन, स्तूप अशा चिन्हांनी दाखवत. पवनीच्या एका शिल्पात रिकाम्या आसनावर फणा धरलेला नाग आहे आणि जवळच मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आहे. बोधीप्राप्तीनंतर पावसात तथागतांवर फणा धरणारा मुचलिंद आपल्या बायाबापड्यांना ठाऊक आहे. त्याचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात दगडावर कोरले गेले होते.

इथे बाबासाहेबांचे शब्द आठवल्याशिवाय राहत नाहीत. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात त्यांनी नागपूर का निवडले हे सांगितले. बुद्धधम्माचा प्रसार करणारे नाग लोक होते आणि या नागांची वस्ती या भागात होती, असा त्यांचा विचार होता. त्या वेळी पवनीचे हे शिल्प मातीखाली होते.

दगडावरची नावे

मला स्वतःला मोठमोठ्या मोजमापांपेक्षा पवनीच्या वेदिकेवरचे छोटे लेख अधिक मोलाचे वाटतात. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, एकेक दोन-दोन ओळींचे. अमक्याचे दान, अमकीचे दान, एवढाच बहुतेकांचा मजकूर. हे काही राजाचे हुकूम नव्हेत. स्तूपाला कोणी खांब दिला, कोणी आडवा दगड दिला, त्याची ही नोंद.

त्यातला एक लेख विसमिता नावाच्या बाईच्या दानाचा आहे. आपले हे दान सर्व सत्त्वांच्या सुखासाठी होवो, अशी इच्छा तिने त्यात व्यक्त केली आहे. आता विचार करा. आपण विहारात वंदना संपवताना सगळ्या प्राणिमात्रांच्या सुखाची कामना करतो ना? आपल्या आयाबहिणी पांढरे लुगडे नेसून हात जोडून जे म्हणतात, तीच इच्छा वैनगंगेच्या काठी एका बाईने बावीसशे वर्षांच्या आसपास दगडावर कोरून ठेवली होती. ती राणी होती की शेतकरीण, कोण जाणे. पण तिचे नाव राहिले.

दुसऱ्या एका लेखात दात्याची ओळख पाच निकाय जाणणारा अशी दिलेली आहे. दीघ, मज्झिम, संयुत्त, अंगुत्तर आणि खुद्दक हे सुत्तपिटकाचे पाच निकाय. त्या काळी ग्रंथ पाठ करून जतन करावे लागत. पाचही निकाय ज्याला येतात, तो केवढा विद्वान! आज आपण नावापुढे एम.ए., पीएच.डी. लिहितो, तशी ही त्या काळची पदवी समजा. भंडारा जिल्ह्यात पदवीधर कधी झाले, असे कोणी विचारले तर त्याला पवनीचा हा दगड दाखवावा. आपल्या भागाला विद्येचे वावडे होते, इथे नुसते जंगल होते, ही समजूत या एका लेखाने मोडते.

काय म्हणावे आणि काय म्हणू नये

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पुरावा हाती आला की उत्साहात माणूस पुराव्याच्या पुढे धावतो. "अशोक सम्राट स्वतः पवनीत येऊन राहिले होते", "त्या स्तूपाचे दान देणारे सगळे आपलेच पूर्वज होते", अशी विधाने भाषणांतून होतात आणि टाळ्याही पडतात. त्या लेखांत दात्यांची नावे आहेत, कुठे त्यांची ओळख आहे. त्यांची वंशावळ नाही. आपल्या कुळाशी त्यांचा थेट धागा दाखवणारा कागद कोणाजवळ नाही. तसेच टेकडीवर आज जगन्नाथाचे मंदिर आहे, ते कोणी कधी आणि का बांधले यावरून भांडण उकरण्यातही फायदा नाही. खाली स्तूप आहे ही गोष्ट सिद्ध झाली आहे, आणि ती सिद्ध झालेली गोष्ट ठामपणे सांगणे पुरेसे आहे.

बाबासाहेबांची रीत हीच होती. शूद्र कोण होते, अस्पृश्य मूळचे कोण, यावर लिहिताना त्यांनी आधाराशिवाय शब्द टाकला नाही, आणि जिथे अनुमान केले तिथे ते अनुमान आहे हे सांगितले. आपण त्यांचे अनुयायी आहोत तर इतिहास बोलतानाही तसेच बोलले पाहिजे. खऱ्या गोष्टीला फोडणी द्यायची गरज नसते. पवनीचे खरे तेवढेच सांगितले तरी समोरचा माणूस ऐकत राहतो.

मग त्या म्हाताऱ्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर काय? उत्तर असे की, आपण दीक्षा घेतली ती १९५६ ची, पण धम्म या जिल्ह्याला नवा नाही. तो इथे होता, शतकानुशतके होता, त्याला विटा-दगडांचे घर होते. मधल्या काळात तो मातीखाली गेला. बाबासाहेबांनी तो माणसांत परत आणला आणि विद्यापीठाने तो मातीतून वर काढला.

अहवाल कपाटात, पोरं दारात

एवढे झाले, तरी आपल्या गावात हे कोणाला फारसे ठाऊक नाही, याचे कारण उघड आहे. अहवाल इंग्रजीत आहे. तो ग्रंथालयांच्या कपाटात आहे. पवनीची शिल्पे पाहायची तर नागपूरला संग्रहालयात, आपले लोक ज्याला अजब बंगला म्हणतात तिथे, जावे लागते. दरवर्षी दीक्षाभूमीला आपल्या गावातून गाड्या भरून जातात. बाया भाकरी बांधून घेतात, पोरं पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी करतात. त्यातली एखादी गाडी अजब बंगल्याच्या दारातही उभी राहावी. पवनीजवळ रुयाड येथे महासमाधीभूमीचा महास्तूप उभा राहिला आहे, तिथेही आपण जातो. येताना जगन्नाथ टेकडीवर थांबून, हा जुना स्तूप, हा इतका मोठा, आणि हा कोणी शोधला, एवढे तरी मुलांना सांगावे.

त्याहून महत्त्वाचे, आपल्या मुलामुलींनी हे विषय शिकायला घ्यावेत. आज पदवी म्हटली की नोकरीचा विचार आधी येतो, आणि गरिबाने तो करायलाच हवा. पण दहा मुलांत एकाने पाली घ्यावी, एकाने प्राचीन इतिहास व पुरातत्त्व घ्यावे. नागपूर विद्यापीठात या दोन्ही विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दीक्षाभूमीवर १९६४ पासून डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. डॉ. भाऊ लोखंडे यांनी मराठी संत साहित्यावरचा बौद्ध धर्माचा प्रभाव शोधून त्यावर ग्रंथ लिहिला. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे संपादित करून जगापुढे ठेवली. ही माणसे नागपूरच्या वस्त्यांत घडली. विद्यापीठात आपल्या वस्तीतले अभ्यासक तयार झाले, तर पवनीचा पुढचा अहवाल कदाचित मराठीतही निघेल, आणि तो लिहिणारी पोरगी साकोली तालुक्यातली असेल.

आपल्या सानगडीचा किल्ला आपण रोज पाहतो. परंतु त्याच्याविषयी, गावच्या जुन्या तलावांविषयी, जुन्या वस्तीविषयी, धम्मदीक्षेला नागपूरला कोण कोण गेले, कसे गेले, याविषयी लिहून ठेवलेले किती आहे? १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. ते निवडून आले नाहीत. पण त्या प्रचारात कोणी काय पाहिले, काय ऐकले, हे आठवणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत गेली. त्यांचे बोल वहीत उतरले नाहीत. इतिहास म्हणजे फक्त दोन हजार वर्षांपूर्वीचा नव्हे. कालचाही इतिहासच असतो, आणि तो तर आपल्यालाच लिहायचा असतो.

शेवटी एवढेच. या स्मरणिकेच्या पानांवर विहारासाठी दान देणाऱ्यांची यादी छापतात. कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी पंखा दिला, कोणी मजुरी सोडून श्रमदान केले, कोणी रोवणीच्या हंगामात मिळालेल्या पैशातून वर्गणी दिली. ती यादी वाचताना पुष्कळांना वाटते की, हा काय रटाळ मजकूर! पवनीच्या वेदिकेवरही अशीच यादी होती. त्या यादीवरूनच आज आपल्याला कळते की, तिथे माणसे होती, त्यांच्यात बाया होत्या, विद्वान होते आणि त्यांच्या मनात सर्वांच्या सुखाची इच्छा होती. म्हणून विहाराच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे की, दानाची वही नीट ठेवावी, बाईचे दान बाईच्याच नावाने लिहावे, आणि विहाराच्या कपाटात या स्मरणिकेची एक प्रत कायमची जपून ठेवावी.

सर्व उपासक-उपासिकांना वर्धापनदिनाच्या मंगल कामना. नमो बुद्धाय! जयभीम!